अंगणातलं गॅरेज : जुन्या फोर-बाय-फोरचं इंजिन उतरवण्याआधी

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची निघाली. चारही चाकांना ओढ देणारी जुनी गाडी, थकलेलं इंजिन, आणि ते घरच्या घरी उतरवायची इच्छा. ही इच्छा मला फार जवळची आहे. पिथमपूरच्या एका कारखान्यात इंजिन जोडणीच्या शॉपवर मी एकतीस वर्षं काढली. पण तिथे माझ्यासमोर यायचं ते नवंकोरं इंजिन. झिजलेलं इंजिन काय बोलतं ते मी शिकलो इंदूरच्या लोकमान्य नगरात, आमच्या घराच्या अंगणात, १९९१ सालच्या मारुती जिप्सीखाली गोणपाट अंथरून. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले आणि सगळी जागा या पत्रांना दिली.

जिप्सी १९९२ ची, मूळ कार्बोरेटरचं इंजिन. सकाळी स्टार्ट केली की निळा धूर येतो, घाट चढताना गाडीला दम लागतो. मिस्त्री म्हणतो, इंजिन संपलं, तेराशे सीसीचं टाका. घरी काही तपासता येईल का? – एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

येईल, आणि एका दुपारीत होईल. आधी धूर नीट बघा. रात्रभर उभी असलेली गाडी पहिल्या झटक्याला निळा धूर सोडते आणि मिनिटाभरात स्वच्छ होते, तर बहुतेक वेळा पिस्टनच्या रिंगा नाही, व्हॉल्व्हचे सील गेलेले असतात. सीलचं रबर कडक होतं, हेडमधलं ऑइल रात्रभर व्हॉल्व्हच्या दांडीवरून थेंब थेंब उतरतं आणि सकाळी जळतं. एकदा भेरूघाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडून गाडी गिअरवरच ठेवा आणि खाली पोचल्यावर पाय द्या. त्या क्षणी मागे निळा लोट उठला, तरी संशय सील आणि गाइडवरच जातो. चढावर, भाराखाली धूर सतत येत असेल आणि ऑइलचं झाकण उघडल्यावर तिथून फसफस हवा मारत असेल, तर मात्र रिंगा आणि बोअर बघावे लागतील.

अंदाजावर थांबू नका. सियागंजातून एक कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर, आणा. इंजिन चांगलं गरम करा, मग चारही प्लग काढा. कॉइलची मुख्य वायर काढून बॉडीला अर्थ करा, म्हणजे कुठे ठिणगी पडणार नाही. घरातल्या कुणाला तरी आत बसवा आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायला सांगा. हे विसरलात तर सगळेच आकडे खोटे येतील, कारण थ्रॉटल बंद असताना इंजिनाला श्वासच घेता येत नाही. आता एकेका सिलिंडरवर गेज लावून पाच-सहा फेरे स्टार्टर फिरवा आणि काटा जिथे थांबेल तो आकडा वहीत लिहा.

आकडा किती मोठा आहे यापेक्षा चार आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत ते बघा. चारही दीडशे पीएसआयच्या आसपास किंवा वर आणि एकमेकांपासून दहा टक्क्यांच्या आत असतील, तर ते इंजिन जिवंत आहे, कुणी काही म्हणो. आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे बडोद्यात जे इंजिन एक आकडा दाखवेल तेच इथे पाच-सहा टक्के कमी दाखवतं. पुस्तकातला आकडा आला नाही म्हणून घाबरून जाऊ नका. एखादा सिलिंडर फारच खाली असेल तर त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत, कारण ऑइलने तात्पुरती फट भरली. हलला नाही तर व्हॉल्व्ह बसत नाहीत. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच खाली असतील तर त्यांच्यामधून हेड गॅस्केट फुटलेलं असण्याची शक्यता मोठी.

आता दम लागण्याबद्दल. तुमच्या गाडीचं इंजिन ९७० सीसीचं, ४५ अश्वशक्तीच्या घरातलं. ते नवं होतं तेव्हाही घाटात दुसऱ्या गिअरवरच यायचं. पण अलीकडे जास्त थकत असेल तर इंजिनाला हात लावण्याआधी चारही चाकं एकेक करून जॅकवर उचला आणि हाताने फिरवा. महूहून एक जण माझ्याकडे अशीच गाडी घेऊन आले होते, इंजिन बदलायचंच असं ठरवून. मी मागच्या ड्रमला हात लावला तर चटका बसला. हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती आणि गाडी कित्येक महिने ब्रेक ओढतच चालत होती. केबल बदलली, बायपासवर एक चक्कर मारली आणि त्यांनी इंजिनाचा विचार सोडला. टायर मूळ मापापेक्षा मोठे घातले असतील तरी असंच होतं. मोठं चाक म्हणजे प्रत्येक गिअर लांब झाला, आणि या लहान इंजिनाला ते झेपत नाही.

हे सगळं करूनही रिंगा आणि बोअर गेलेत असंच निघालं, तर हेच इंजिन रिबोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून थोडे रुंद करून, ओव्हरसाइझ पिस्टन घाला. ब्लॉक बिडाचा आहे, बोअर छान होतो. तेराशेच्या वाटेला का जाऊ नये, ते पुढच्या उत्तरात येतंच आहे.

काका, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिल्लीत जिप्सी स्वस्तात मिळतेय, इंजिन जाम आहे. भंगारातल्या एस्टीमचं तेराशेचं इंजिन घेऊन आम्ही तिघं मित्र घरीच बसवणार आहोत. काय काळजी घेऊ? – एक विद्यार्थी, लष्कर, ग्वाल्हेर

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तुझ्या वयात मला हेच करायचं होतं, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी कागद. दिल्लीत ती गाडी स्वस्त का आहे ते तुला माहीत असेलच. राजधानी क्षेत्रात १५ वर्षांवरच्या पेट्रोल आणि १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली गेली होती, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली होती. ग्वाल्हेर त्या क्षेत्रात येत नाही, म्हणून लोक तिथून गाड्या आणतात. पण फॉर्म २८ वरची एनओसी, म्हणजे तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र, हातात पडल्याशिवाय एक रुपयाही देऊ नकोस. चॅसीवर ठोकलेला नंबर आरसीशी स्वतः ताडून बघ. गंज असेल तर तारेच्या ब्रशने साफ कर, खडू चोळ, उजेड तिरका पाड, म्हणजे आकडे उमटतात. एकही आकडा संशयास्पद वाटला तर परत ये.

दुसरा कागद इंजिनाचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील आणि कंपनीचा मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. इंजिन बदलायचं तर आरटीओची मंजुरी आधी लागते, आणि बदलल्यावर १४ दिवसांत आरसी नेऊन नोंद करावी लागते. मूळ रचना बदलण्याबद्दल २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने कडक निकाल दिला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. म्हणून इंजिन विकत घेण्याआधी आरटीओत जा, नेमकं कोणतं इंजिन घालायचं आहे ते लिहून विचार, आणि उत्तर लेखी घे. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी सर्वांत आधी इंजिन नंबर बघेल. मंजुरी मिळाली नाही तर त्याच जातीचं इंजिन शोध किंवा जाम झालेलंच खोलून बनव. त्यातही शिकायला कमी नाही.

मंजुरी मिळाली असं धरून लोखंडाकडे येऊ. १९८५ च्या डिसेंबरात जिप्सी आली ती ९७० सीसीची आणि चार गिअरची. १९९६ ला जिप्सी किंग आली, तेराशे सीसी आणि पाच गिअरची. २००० ला तिला सोळा व्हॉल्व्ह आणि एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी पेट्रोलची फवारणी, मिळालं. एस्टीमचं इंजिन या तेराशेच्याच घराण्यातलं, म्हणून लोक म्हणतात, 'सरळ बसतं'. सरळ बसत नाही. एस्टीम पुढच्या चाकांवर चालणारी, तिच्यात इंजिन आडवं बसतं. जिप्सीत ते गाडीच्या लांबीत बसतं आणि त्याच्याखाली पुढचा ॲक्सल आणि डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळे फेरे घेऊ देणारी दात्यांची पेटी) असतं. त्यामुळे ऑइल संप (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं), आतली ऑइलची जाळी, माउंटिंगचे ब्रॅकेट, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, पाण्याचे पाइप, फ्लायव्हील हे सगळं जिप्सी किंगचं लागेल किंवा तिच्याशी जुळवावं लागेल. हेडच्या मागच्या टोकाला काय आहे आणि ते फायरवॉलला भिडतं का, हेही इंजिन टांगलेलं असतानाच मोजून घे. सगळ्यात वाईट म्हणजे संप ॲक्सलपासून दोन बोटांवर राहणं. उभ्या गाडीत ते छान दिसतं, पण खड्ड्यात स्प्रिंग दबली की ॲक्सल वर येऊन संप फोडतो.

तुझी गाडी जुनी चार गिअरची असेल तर तेराशेचं इंजिन, बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच), क्लच आणि पाच गिअरचा बॉक्स असा पूर्ण जोड एकाच गाडीतून घे. अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं करायला गेलास की लेथवाल्याकडे खेटे घालण्यात वर्ष जाईल. एमपीएफआय घ्यायचं ठरवलंस तर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सगळे सेन्सर, पूर्ण वायरिंग, टाकीतला पंप आणि टाकीकडे परत जाणारी पेट्रोलची नळी हेही त्यातच आलं. वायरिंग कापून घेऊ नकोस. विकणारा कटर घेऊन पुढे आला तर त्याला थांबव आणि प्रत्येक कपलर हाताने सोडव, प्रत्येकावर कागदी पट्टी लावून नाव लिही. त्या दिवशी दोन तास जातील, पण पुढचे दोन महिने वाचतील.

आता एक गोष्ट माझ्या अंगणातली. १९९८ चा जुलै. क्लच प्लेट बदलून मी इंजिन परत गिअरबॉक्सला लावत होतो. इंजिन आत सरकत सरकत आलं आणि बोटभर फट उरली. पाऊस दाराशी होता, ताडपत्री फडफडत होती, मुलगा टॉर्च धरून कंटाळला होता. मी विचार केला, बोल्ट लावून ओढून घेऊ. दोन बाजूंचे बोल्ट आळीपाळीने आवळत गेलो. तिसऱ्या फेरीला कट्ट असा आवाज आला. एवढासा आवाज, सुपारी फुटल्यासारखा. बेल हाउसिंगचा कान तुटून माझ्या तळहातावर पडला होता, आणि आत नव्या प्लेटचा हब वाकला होता. प्लेट केंद्रात बसलीच नव्हती. शाफ्टचे दाते प्लेटच्या दात्यांत गेले नव्हते आणि गिअरबॉक्सचं सगळं वजन त्यांच्यावर लोंबत होतं. त्या श्रावणात आईला ओंकारेश्वरला गाडीने न्यायचं मी कबूल केलं होतं. ती बसने गेली. ती काही बोलली नाही, पण मला अजून ते लागतं.

म्हणून तुला सांगतो. प्लेट बसवताना केंद्रात आणायची दांडी वापर, नसेल तर जुन्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट मिळव. गिअरबॉक्सखाली वेगळा जॅक ठेव म्हणजे दोन्हीचे तोंड एका रेषेत राहील. गिअर घालून मागचा फ्लँज हाताने थोडा थोडा फिरव, दाते जुळले की इंजिन स्वतःहून सरकतं आणि दोन्ही तोंडं टक्क करून भेटतात. फट उरली असेल तर बोल्टला हात लावायचा नाही. इंजिन मागे घ्यायचं आणि का अडकलं ते शोधायचं.

शेवटचं एक, आणि हे फोर-बाय-फोरवाल्यांकडून हमखास राहतं. वेगवेगळ्या गाड्यांचे भाग एकत्र करताना पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर एकच आहे ना, ते तपास. खोलायची गरज नाही. एका ॲक्सलचं एक चाक जमिनीवर ठेव, दुसरं उचल, गाडी न्यूट्रलमध्ये. जमिनीवरच्या चाकांना ओंडके लाव. उचललेल्या चाकावर आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूने खूण कर. चाक बरोबर दोन फेरे फिरव आणि तेवढ्यात शाफ्ट किती फिरला ते मोज. तो आकडा म्हणजे तुझं गुणोत्तर. पुढच्या ॲक्सलला करताना हब लॉक करायला विसरू नकोस. पुढे आणि मागे आकडा वेगळा आला तर फोर-बाय-फोर टाकताच दोन्ही ॲक्सल एकमेकांशी भांडतील आणि ट्रान्सफर केस, म्हणजे पुढे-मागे ओढ वाटून देणारी पेटी, फुटेल.

काम सुरू झालं की फोटो पाठव. अडलास तर याच पत्त्यावर लिही, मी उत्तर देईन.

माझ्या वडिलांची शेवरोले फॉरेस्टर आहे, २००५ ची, ८५ हजार किलोमीटर चाललेली. ते गेल्यापासून पाच वर्षं उभी आहे. इथले गॅरेजवाले म्हणतात, भाग मिळत नाहीत, दुसरं इंजिन घाला. मला ती चालवायची आहे. – एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

ताई, वडिलांची गाडी टिकवायची तुमची इच्छा मी समजू शकतो. आधी एक विनंती, कुणालाही सेल मारून बघू देऊ नका. ही गाडी शेवरोलेची मालक जनरल मोटर्स हिच्या हालोलच्या कारखान्यात बनलेली नाही, ती जपानहून तयार आली. नाव शेवरोले असलं तरी आतून ती सुबारू आहे. तेव्हा जनरल मोटर्सचा सुबारूच्या मूळ कंपनीत हिस्सा होता. म्हणून भाग शोधताना सुबारू फॉरेस्टरचे भाग क्रमांक विचारा, मिळण्याची शक्यता एकदम वाढते.

तिचं इंजिन बॉक्सर जातीचं, म्हणजे पिस्टन आडवे, समोरासमोर चालतात. त्याचा टायमिंग बेल्ट साधारण एक लाख किलोमीटरला बदलायचा असतो, पण रबर वर्षांनीही म्हातारं होतं. तुमचा वीस वर्षांचा बेल्ट सेल मारताना तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतील, आणि मग खरोखरच दुसरं इंजिन शोधावं लागेल. म्हणून क्रम असा ठेवा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा आणि एक रात्र तसंच राहू द्या. मग पुढच्या पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन हाताने, अगदी हळू, पूर्ण दोन फेरे फिरवा. अडलं तर जोर करू नका. मोकळं फिरलं तर बेल्ट, त्याच्या आयडलर पुली, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदला, कारण तिथपर्यंत पोचायची मेहनत एकच आहे. ऑइल आणि कूलंट नवं. त्यानंतर सेल. चालू झाल्यावर कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केटकडे बघावं लागेल. नसतील तर इंजिन बदलायचं कारण मला दिसत नाही.

टायर पाच वर्षं एका जागी दबून चपटे झाले असतील. ते बदलताना चारही एकदम बदला. ही गाडी जिप्सीसारखी हवं तेव्हा फोर-बाय-फोर होणारी नाही, तिची चारही चाकं कायम ओढतात. मध्ये एक डिफरन्शियल आणि त्याला व्हिस्कस कपलिंग आहे. दोन टायर नवे आणि दोन झिजलेले असले की लहान चाकांना जास्त फेरे मारावे लागतात, कपलिंगला वाटतं चाकं घसरताहेत, आणि ते सरळ रस्त्यावरही सतत झगडत तापत राहतं. शिवणाची टेप घ्या आणि प्रत्येक टायरचा घेर मोजा, चौघांत सहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. आणि गाडी गॅरेजला न्यायची तर सपाट ट्रकवर चढवून न्या. दोन चाकं उचलून दोन रस्त्यावर फरफटत नेली तर मधला भाग तिथेच जळेल.

महिंद्राची एमएम ५४० जीप आहे, प्यूजो इंजिनाची. गावचा मिस्त्री म्हणतो, नव्या गाडीचं टर्बो इंजिन घाला, पळेल. – एक शेतकरी वाचक, धारजवळून

दादा, तुमच्या इंजिनाचं नाव एक्सडीपी ४.९०. त्या नावातच त्याचं माप आहे: चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर. स्ट्रोक ८३ मिलिमीटर, म्हणून २११२ सीसी. शांत स्वभावाचं इंजिन आहे हे, आणि तुमच्या जीपचा गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, मागची क्राऊन-पिनियन हे सगळं त्या शांत स्वभावाला धरून बसवलेलं आहे. टर्बोची ओढ जवळपास दुप्पट. ती पहिल्या पावसाळ्यात काळ्या मातीत रुतलेल्या ट्रॉलीला लावाल तेव्हा इंजिनाला काही होणार नाही, मागचे दाते जातील. ब्रेकही जुन्याच वेगाचे आहेत. कागदांचं वर लिहिलंच आहे.

याचे लायनर ओल्या जातीचे, म्हणजे पाणी थेट लायनरला लागतं. बोअर करायची गरज नाही. लायनर-पिस्टनचा सेट निघतो आणि नवा बसतो, घरच्या पडवीतही. फक्त तीन ठिकाणी घाई नको. लायनरची बसायची जागा नखाने तपासाल इतकी स्वच्छ करा. खालचे रबरी रिंग साबणाच्या पाण्याने ओले करून बसवा, पीळ पडता कामा नये. आणि लायनर बसल्यावर तो ब्लॉकच्या वर किंचित उंच उभा राहिला पाहिजे, मिलिमीटरच्या काही शंभरांश भागांएवढा, चारही सारखे. सपाट पट्टी आणि फीलर गेजने मोजा. एखादा खाली राहिला तर हेड गॅस्केट त्याला दाबणार नाही आणि महिनाभरात पाणी ऑइलमध्ये उतरेल. नोझल आणि पंप मात्र घरी उघडू नका, ते टेस्ट बेंचवाल्याचं काम. थंडीत सेल घेत नसेल तर आधी हीटर प्लग तपासा, चारांपैकी दोन मेलेले सापडतात.

जिप्सी डांबरी रस्त्यावर वळवताना अडकल्यासारखी होते, टायर किंचाळतात आणि फोर-बाय-फोरचा लिव्हर निघत नाही. – एक वाचक, अन्नपूर्णा रोड, इंदूर

बिघाड नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांब रस्ता कापतात, आणि जिप्सीच्या मध्यभागी तो फरक सोडवणारं डिफरन्शियल नाही. मातीत चाक थोडं घसरून ताण सुटतो, कोरड्या डांबरावर तो शाफ्टमध्ये साठत जातो आणि लिव्हर दाबून धरतो. स्टिअरिंग सरळ करा, चार-पाच मीटर गाडी मागे घ्या, लिव्हर आपोआप सुटेल. डांबरावर, पाऊस नसताना, फोर-बाय-फोर लावूच नका.

माझा मुलगा आणि त्याचे मित्र अंगणातल्या कडुनिंबाला साखळी बांधून गाडीचं इंजिन काढणार आहेत. मला भीती वाटते. त्याला रागवू नका, पण काहीतरी सांगा. – एक आई, रामचंद्र नगर, इंदूर

वहिनी, भीती योग्य आहे. रागवत नाही, त्याला हे पत्र वाचायला द्या.

बाळा, कडुनिंबाची फांदी किती पेलते ते तुला माहीत नाही, मलाही माहीत नाही. चेन कुप्पी, म्हणजे साखळीने वजन उचलायची कप्पी, भाड्याने मिळते, एक टनाची घे, आणि लोखंडी तिपाई घे, जिचे पाय खाली साखळीने एकमेकांना बांधलेले असतील. इंजिनाला उचलायचे हूक दिलेले असतात, त्यातच साखळी घाल, अल्टरनेटरच्या ब्रॅकेटला नाही. जिप्सीचं बॉनेट आणि रेडिएटर आधी उतरव, इंजिन पुढून वर निघतं. टांगलेल्या इंजिनाखाली हात, पाय, डोकं, काहीही जायचं नाही, एखादा बोल्ट खाली पडला तरी. गाडीखाली जाताना फक्त जॅकवर विसंबू नकोस, चॅसीखाली घोड्या (लोखंडी आधार) लाव. विटा ठेवू नकोस, त्या एकदम फुटतात.

बॅटरी पहिल्या मिनिटाला सोडव. पेट्रोलची नळी बंद कर, निघालेलं पेट्रोल झाकणाच्या डब्यात, आणि तो डबा स्वयंपाकघराच्या खिडकीपासून लांब. रेडिएटरमधलं हिरवं पाणी परातीत काढलंस तर ती परात रात्रभर अंगणात ठेवू नकोस. कूलंट चवीला गोड लागतं, गल्लीतलं कुत्रं किंवा गाय ते पिते आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरते. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भर आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिही. जुनं ऑइलही गटारात नाही, गॅरेजवाले ड्रममध्ये जमा करतात, त्यांच्याकडे नेऊन दे.

आणि वहिनी, इंजिन वर उचलण्याच्या दिवशी तुम्ही तिथे उभ्या राहा. चार मुलं एकदम चार सूचना देतात. साखळी ओढणाऱ्याने एकाचंच ऐकायचं, आणि 'थांब' म्हणायचा हक्क तुमच्याकडे ठेवा.